पर्यावरणाचे बाळकडू घरच्या अंगणात

कन्नड तालुक्यातील पिशोर हे अंजना नदीकाठचे गाव. भोवती कापूस, मका आणि अद्रकीची शेती. अशा गावांत पावसाळा लागला की दवाखान्यातील लहान मुलांची गर्दी वाढते. कुणाला जुलाब, कुणाला ताप, कुणाला खोकला आणि धाप. आजार वेगवेगळे असले तरी त्यांतील अनेकांचे मूळ घरापासून शंभर पावलांच्या आत सापडते. झाकण नसलेला पाण्याचा ड्रम, तुंबलेली नाली, पेटवून दिलेला कचरा आणि न धुतलेले हात.

‘पर्यावरण’ हा शब्द मात्र मुलांना भेटतो तो ५ जूनला किंवा निबंधाच्या वहीत. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, रोप लावताना फोटो काढला जातो. दुसऱ्या दिवशी तेच मूल वेफर्सचे रिकामे पाकीट सहज नालीत टाकते. त्यात मुलाचा दोष नाही. त्याला माहिती मिळाली आहे, सवय लागलेली नाही. माहिती एका तासात देता येते. सवय लागायला रोजचा दिवस, घरातील माणसे आणि बराच धीर लागतो.

लहानपणी लागलेली पर्यावरणपूरक सवय पुढे पृथ्वीच्या कामी येईल, असे नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. पण त्याआधी ती त्या मुलाच्या स्वतःच्या पोटाच्या, छातीच्या आणि रक्ताच्या कामी येते. पालकांना हे पटले तर कामाला सुरुवात लवकर होते.

मुलांनाच झळ आधी का बसते?

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. दोन-तीन वर्षांचे मूल २० ते ३० वेळा घेते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर मुलाच्या शरीरात मोठ्यांपेक्षा जास्त हवा, जास्त पाणी आणि जास्त अन्न जाते. साहजिकच त्यांतील विषारी घटकही जास्त जातात.

दुसरे कारण उंचीचे. मूल जमिनीजवळ वावरते, मातीत खेळते आणि हात वारंवार तोंडात घालते. अंगणातील घाण मोठ्यांच्या चपलेला लागते, मुलाच्या मात्र थेट हाताला. तिसरे कारण वाढीचे. फुप्फुसे, मेंदू आणि प्रतिकारशक्ती यांची घडण बालपणी सुरू असते. या काळात झालेले नुकसान भरून निघणे अवघड असते.

म्हणून हात धुण्याची साधी सवयही इथे मोठी ठरते. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय शाळा-अंगणवाड्यांतील मुलांना लावली, तर जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहिल्यावर आढळले आहे. लसीविना आणि औषधाविना मिळणारा हा फायदा आहे.

उकिरडा बदलला, सवय तीच राहिली

आजच्या आजी-आजोबांच्या लहानपणी गावात कचऱ्याचा वेगळा प्रश्न नव्हता. घरातून निघणारे जवळजवळ सारेच कुजणारे होते. शेण, पालापाचोळा, भाजीची देठे, राख, मातीची फुटकी भांडी. ते सारे उकिरड्यावर जाई आणि उन्हाळ्यात खत होऊन शेतात पडे. किराणा कागदाच्या पुडीत येई, बाजार कापडी पिशवीतून. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली जाई. हाताला लागेल ते बाहेर भिरकावण्याची सवय त्या काळात फारशी नुकसान करत नव्हती, कारण भिरकावलेली वस्तू मातीत मिसळून जात होती.

आता उकिरड्यावर येणारी वस्तू बदलली. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, बाळाचे डायपर, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंगचा फाटका कागद. भिरकावण्याची सवय मात्र जुनीच राहिली. त्यामुळे शेणखताच्या ट्रॉलीबरोबर प्लास्टिकचे तुकडे शेतात पसरतात. उरलेल्या अन्नासह गाठ मारून फेकलेली पिशवी जनावरे तशीच गिळतात. गाई-म्हशींच्या पोटातून शस्त्रक्रियेने कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागल्याचे प्रसंग पशुवैद्यकांना नवे नाहीत.

कचरा साचला की काडी लावली जाते. इथे आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. प्लास्टिक उघड्यावर, कमी तापमानात जळते तेव्हा ते पूर्ण जळत नाही. धुरात अतिसूक्ष्म कण असतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असलेले हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात आणि फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळाले तर डायऑक्सिनसारखी घातक रसायनेही तयार होतात. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला अशा धुराचा एक संध्याकाळचा मारा पुरतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त चालत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

कायद्याने आपले काम काही प्रमाणात केले आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई झाली. पण भाजीच्या हातगाडीवर कापडी पिशवी पुढे करणारा हात कायद्याने तयार होत नाही. तो घरात तयार होतो. बाजाराला निघताना दाराच्या खिळ्यावरची पिशवी आणून देण्याचे काम चार वर्षांच्या मुलाकडे सोपवले, तर आठवण ठेवणारा एक चोख माणूस घराला मिळतो.

पाणी वाचवावे, पण झाकून

मराठवाड्यातील मुलांना पाण्याची किंमत पुस्तकातून शिकवावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ या भागातील कुणी विसरलेले नाही. तरीही गळक्या नळाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. इथे एक छोटा हिशेब मुलांना करायला लावावा. सलाईनच्या साध्या संचात २० थेंबांचे एक मिलिलिटर धरतात. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि थेंब तेवढाच धरला, तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. म्हणजे सुमारे ४.३ लिटर आणि महिन्याला जवळपास १३० लिटर. नळाचा थेंब बहुधा याहून मोठाच असतो. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. एका गळक्या नळातून दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून जास्त पाणी दरमहा वाहून जाते. तिसरी-चौथीतील मूल हा गुणाकार सहज करते. स्वतः काढलेले उत्तर ते विसरत नाही आणि घरातल्यांनाही विसरू देत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घालून दिली. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, मग कोणते पीक घ्यायचे. तोच ताळेबंद घराच्या पातळीवरही मांडता येतो. एका दिवसात घरात किती हंडे भरले आणि ते कुठे-कुठे गेले, एवढे मुलाने पाटीवर लिहिले तरी पुरे.

पण पाणी साठवण्याला दुसरी बाजू आहे. चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतो. त्या दिवशी भांडी रिकामी केली तर डास तयार होण्याआधीच साखळी तुटते.

नुसते पाणी ओतून मात्र भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्यामुळे भांडे आतून घासणे आवश्यक असते. टंचाईच्या दिवसांत पाणी फेकून देण्याची गरज नाही. ते कापडाने गाळून झाडांना घालावे आणि कापडावरच्या अळ्या कोरड्या मातीवर झटकाव्यात. त्या तिथेच मरतात.

हे काम मुलांना मनापासून आवडते. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी डोके खाली करून लटकते आणि भांड्याला धक्का बसला की वळवळत तळाशी जाते. एकदा ती दाखवली की मूल घरभर शोध घेते. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची थाळी, अंगणातील टायर, नारळाची करवंटी, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे. दर रविवारी दहा मिनिटांची ही तपासणी म्हणजे निसर्गाचा पाठ आहे आणि डेंग्यूवरचा उपायही. शोधायचे काम मुलाचे, जड भांडी आणि खोल टाक्या हाताळायचे काम मोठ्यांचे, एवढी वाटणी पाळावी. पाण्याने भरलेल्या टाकीवर लहान मुलाला एकटे वाकू देऊ नये.

सवय लागते कशी?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ प्रौढांवर एक अभ्यास केला होता. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे त्यांनी तपासले. सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. २१ दिवसांत सवय लागते, असे जे सर्रास सांगितले जाते त्याला या आकड्यांचा आधार नाही. मोठ्यांचे हे चित्र असेल, तर चार वर्षांच्या मुलाने आठवडाभरात शहाणे व्हावे ही अपेक्षा वाजवी नाही.

सवय पक्की होते ती आधीच चालू असलेल्या एखाद्या कृतीला जोडल्यावर. ‘पाणी वाया घालवू नकोस’ हे वाक्य मुलासाठी धूसर आहे. ‘दाताला ब्रश लावला की नळ बंद’ हे स्पष्ट आहे. ‘वीज वाचव’ यापेक्षा ‘चप्पल घातली की पंख्याचे बटन बघ’ हे सोपे. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची रीत आपल्या घरांत अशीच टिकून राहिली. त्यामागे भाषण नव्हते. उंबरा आणि मोरी यांची जोडी होती.

बक्षिसाबाबत मात्र सावध राहावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगण्यात आले की, चित्र काढले तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही. काही दिवसांनी पाहिले, तर बक्षिसाचे आमिष दाखवलेली मुले मोकळ्या वेळेत इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे काम त्यांच्या लेखी मजुरीचे झाले होते. कचरा डब्यात टाकल्याबद्दल दर वेळी चॉकलेट देणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. चॉकलेट थांबले की डबाही विसरला जातो आणि त्या चॉकलेटचा कागद हा आणखी एक कचराच असतो. ‘तू पिशवी आठवणीने आणलीस म्हणून आज एक प्लास्टिकची पिशवी घरात आली नाही’, असे नेमके कौतुक जास्त काम करते.

आणि सर्वांत मोठा नियम अनुकरणाचा. मूल कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त शिकते. मोटारसायकलवरून पुढे बसवलेल्या मुलासमोर बाप गुटख्याची पुडी फाडून रस्त्यावर फेकतो, त्या क्षणी शाळेतील वर्षभराच्या घोषणा पुसल्या जातात.

उलट दिशेनेही शिक्षण होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामान बदलाचा अभ्यासक्रम शिकवला गेला आणि त्यांच्या पालकांशी बोलण्याचे स्वाध्याय दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या पालकांचीही या प्रश्नाविषयीची काळजी वाढल्याचे दिसले. वडिलांमध्ये हा बदल ठळक होता आणि मुलींचा प्रभाव जास्त पडला होता. घरात कुणाचे न ऐकणारा माणूस लेकीचे ऐकतो, हा अनुभव आपल्याकडेही अनेक घरांचा आहे.

कोसबादच्या टेकडीवरचा धडा

परिसरातून शिकवण्याची ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ या कामात त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. जनावरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले, काड्या हीच साधने झाली. मोजणी बियांवर, रंग पानाफुलांवर. मुलांची स्वच्छता हा तर त्या शिक्षणाचा पाया होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आज पिशोरसारख्या गावातील तीन ते सहा वर्षांचे मूल रोज काही तास जिथे असते, ती जागा हीच. तिथे वेगळा ‘पर्यावरणाचा तास’ घेण्याची गरज नाही. खिचडी खाताना ताटात हवे तेवढेच घेणे, उरलेले एका भांड्यात ओतणे, ताट धुतलेले पाणी शेवग्याच्या झाडाला घालणे, झाडाखालची पाने गोळा करून खड्ड्यात टाकणे, यातच तो तास होऊन जातो. महिनाभराने खड्डा उकरला की पाने काळी पडलेली दिसतात आणि चुकून पडलेले पाकीट जसेच्या तसे. कुजणारे आणि न कुजणारे यांतील फरक समजावण्यासाठी याहून चांगला फळा नाही.

शालेय अभ्यासक्रमात पर्यावरण शिक्षण असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ मध्ये दिला होता. राज्यातील प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहेच. पुस्तकातील परिसर आणि खिडकीबाहेरचा परिसर यांची गाठ घालणे तेवढे शिक्षकांच्या हातात आहे.

हे काम मुलांना देऊ नये

चांगल्या हेतूने काढलेली स्वच्छता मोहीम मुलांच्या जिवावर बेतू शकते. याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून इथे तपशिलात सांगणे गरजेचे आहे.

पहिला धोका कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्यांचा. कापूस आणि अद्रकीच्या पट्ट्यात त्या बांधावर, विहिरीजवळ आणि गोठ्यात सापडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. विष श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते, हे त्या घटनांनी सर्वांना दाखवले. रिकाम्या वाटणाऱ्या बाटलीतही औषधाचा अंश उरतो. ती मुलांनी उचलू नये, त्यात पाणी भरू नये, तिची कुंडी करू नये. वापर झाल्यावर मोठ्यांनी ती तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि बाटली निकामी करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. मुलाच्या अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. उलट्या, खूप लाळ, घाम, सुस्ती दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात सोबत न्यावे. मुद्दाम उलटी करवू नये.

दुसरा धोका सुया, काचा आणि पत्र्यांचा. नालीकाठी किंवा उकिरड्यावर उघड्या हातांनी कचरा वेचायला मुलांना कधीही लावू नये. खोल जखम झाली तर ती भरपूर पाणी आणि साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लसींची नोंद पाहावी. त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षे वयात आणि टीडीची लस १० व १६ व्या वर्षी असते. अनेक पालक दीड वर्षानंतर लसीकरणाचे कार्ड बंद करून ठेवतात.

तिसरा धोका जुन्या बॅटरींचा. खेळण्यातील, रिमोटमधील गोल चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून भाजू शकते. ही आणीबाणी असते. ई-कचरा गोळा करण्याचे उपक्रम मोठ्या मुलांनी, मोठ्यांच्या देखरेखीखाली करावेत.

माती हाताळणे मात्र थांबवू नये. रोप लावणे, आळे करणे, खताचा खड्डा हे सारे मुलांनी करावे. फक्त पायात चप्पल, नखे कापलेली आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतलेले असावेत. अंकुशकृमी कातडीतून शिरतो, गोलकृमीची अंडी नखांतून पोटात जातात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

वयाप्रमाणे काम

दोन ते तीन वर्षे: स्वतः खाल्लेल्या खाऊचा कागद डब्यात टाकणे. डबा मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवा. हात धुताना मोठ्यांनी सोबत उभे राहावे.

तीन ते सहा वर्षे: ओला आणि सुका असे दोन डबे ओळखणे. बाजाराची पिशवी आणून देणे. नळ घट्ट बंद करणे. ताटात उष्टे न टाकणे.

सहा ते आठ वर्षे: एका झाडाची पूर्ण जबाबदारी. रविवारी अळ्यांचा शोध. पाण्याची बाटली घरून नेणे. जुन्या वह्यांची कोरी पाने काढून नवी वही शिवणे.

आठ ते दहा वर्षे: विजेचा मीटर वाचणे. १,००० वॉट एक तास वापरले की एक युनिट होते. ७५ वॉटचा पंखा सुमारे १३ तास चालला की एक युनिट, तर ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास चालला की एक युनिट. हे गणित वहीत मांडणे आणि महिन्याचे बिल पडताळणे.

एका वेळी एकच सवय घ्यावी. ती न सांगता होऊ लागली की दुसरी. चुकले तर ओरडू नये, पुन्हा दाखवावे. आणि मुलांना घाबरवू नये. पृथ्वी नष्ट होणार, पाणी संपणार, अशा गोष्टींनी पाच वर्षांच्या मुलाला रात्री झोप लागत नाही, पण सकाळी नळही बंद होत नाही. या वयाला डोळ्यांसमोरचे कारण पुरते. झाडाला पाणी घातले नाही तर पान सुकते, एवढेच.

मोठ्यांचा वाटा

मुलांवर सारे सोपवून मोठ्यांनी मोकळे होणे हा या विषयातील सर्वांत जुना दोष आहे. जिल्ह्याच्या मुख्य शहराने त्याची किंमत २०१८ मध्ये मोजली. तीन दशकांहून अधिक काळ नारेगाव येथे शहराचा कचरा टाकला जात होता. त्या वर्षी फेब्रुवारीत परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसाचारही झाला. शहराचा कचरा शेजारच्या गावाच्या उंबऱ्यावर टाकून प्रश्न सुटत नाही, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळले. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची चर्चा त्यानंतर घराघरात गेली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुलाने घरी दोन डबे वेगळे केले आणि गाडीवाल्याने दोन्ही एकत्र ओतले, किंवा गाडीच आली नाही, तर सवय आठवडाभरात मोडते. ‘काय उपयोग?’ हा प्रश्न मूल विचारतेच आणि त्याला उत्तर नसते. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा अभियान’ सुरू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गावांचे काम त्यात तपासले जाते. ग्रामपंचायतींनी या निमित्ताने सुका कचरा ठरलेल्या दिवशी उचलणे, भंगारवाल्याशी बोलून प्लास्टिक देणे, शाळा आणि अंगणवाडीत चालू नळ आणि साबण ठेवणे, उघड्यावर कचरा जाळणे थांबवणे, एवढी कामे केली तरी घरातील सवयींना आधार मिळतो. शाळेच्या नळाला पाणी नसेल, तर हात धुण्याच्या दहा पायऱ्यांचे चित्र भिंतीवर रंगवून काही साधत नाही.

पालकांनी या आठवड्यात सुरुवात करायची असेल, तर खर्च नाही आणि वेळही फार लागत नाही. दाराला एक खिळा आणि त्यावर कापडी पिशवी. मोरीजवळ मुलाच्या हाताला येईल अशा जागी साबण. दुसऱ्या डब्यासाठी जुनी बादली. आणि रविवारी सकाळी दहा मिनिटे मुलाचे बोट धरून घराभोवती एक फेरी. कुठल्या भांड्यात पाणी साचले आहे, ते त्यालाच शोधू द्यावे. बहुतेक घरांत पहिल्याच फेरीत एक तरी भांडे सापडते.